उंबराला ढोलकी

वाद्यांच्या दुकानाची काच दिसली की माझे पाय आजही थांबतात. हातात भाजीची पिशवी असली तरी. बायको चार पावलं पुढे जाते, मग मागे वळून म्हणते, "झालं का दर्शन?" घ्यायचं काहीच नसतं. पण बघायचं असतं. नवीन काय आलंय, कुठल्या पॅडमध्ये किती आवाज आहेत, स्टँड घडीचा आहे का. हा रोग मला विरारच्या एका दुकानासमोर लागला, आणि मी एकटाच नव्हतो. आमची अख्खी बेंजो पार्टी त्या काचेला नाक लावून उभी असायची.

मी मूळचा माण तालुक्यातला. आठवीत शाळा सुटली. सोडली म्हणवत नाही. बैल ओढ घेतो आणि हातातली दोरी सुटते, तशी सुटली. पुढं काही वर्षं मिळेल ते काम केलं आणि मग मामाकडं, विरारजवळच्या आचोळ्याला आलो. वालीवच्या बाजूला स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायच्या गाळ्यात लागलो. दिवसभर चेहरा काळा आणि भांडी चकचकीत. मामा भला माणूस, मामीही भली, पण खोली एक आणि तिथं त्यांचीच माणसं मावत नव्हती. रविवार मला नको वाटायचा. रविवारी सगळे घरी असत आणि आपण कुठं बसावं, हे मला समजत नसे. बाहेर जाऊन येतो म्हणायचं आणि चालत सुटायचं.

असाच एकदा रूळ ओलांडून पश्चिमेला, गासच्या वाटेनं गेलो. तिथं तेव्हा वाड्या होत्या, केळी होत्या, दुधीचे मांडव होते. एका पत्र्याच्या शेडमधून बेंजो ऐकू आला. बेंजो म्हणजे तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवलेली पेटी; एका हातानं बटणं दाबायची, दुसऱ्या हातातल्या प्लॅस्टिकच्या पट्टीनं तारा छेडायच्या. वाजवणारा माणूस पन्नाशीचा, अंगात बनियन, मांडीशी पालकाच्या जुड्यांचा ढीग. मी दारात उभा राहिलो.

"काय रं, कोनाचा तू?"

"आचोळ्याला मामाकडं राहतो. गाव साताऱ्याकडं."

"म्हंजे घाटी." ते हसले. "वाजवतंस काय?"

"गावाकडं भजनाला ढोलकी वाजवायचो."

"मग हुबा काय ऱ्हातंस? बस की."

बसलो, तो पुढची काही वर्षं तिथंच बसलो.

ते आमचे मास्तर. सकाळी भाजी, दुपारनंतर तालीम. लग्नसराईत आणि गणपतीत पार्टीला सुपारी असायची, म्हणजे वाजवायचं बोलावणं. त्यांची बायको, आमची काकी, शेडमध्ये डोकावली की पहिला प्रश्न मला. "घाट्या, जेवलास का?" मी हो म्हटलं तरी ताट यायचं. भाकरी तांदळाची, मला सुरुवातीला ती घशाखाली उतरायची नाही. एकदा धीर करून म्हणालो, काकी, आमच्याकडं ज्वारीची असते. तर पुढच्या रविवारी तिनं कुठून तरी ज्वारीचं पीठ आणलं आणि भाकरी थापली, ती तव्यावर तीन ठिकाणी फाटली. "तुजे गावची भाकर रडवते बाय," म्हणाली. ती फाटकी भाकरी मी कशी खाल्ली ते माझं मला माहीत.

त्या वेळी आमच्याकडं होतं काय? मास्तरांचा बेंजो, एक भोंगा, एक ॲम्प्लिफायर, ताशा, मोठा ढोल आणि मास्तरांच्या वडलांच्या काळातली ढोलकी, ती माझ्या मांडीवर. काकीचा चहा येईपर्यंत चार-पाच गाणी बसलेली असायची. वाटेनं जाणाऱ्या बायका डोक्यावरची पाटी न उतरवता उभ्या राहून ऐकायच्या आणि एखादी म्हणायची, "मास्तर, मगासचं बरं होता, ह्ये नाय."

मग कॅसिओवाला, म्हणजे विजेवरचा कीबोर्ड वाजवणारा, आला. आचोळ्याच्याच एका नव्या बिल्डिंगमधला, कॉलेजात जाणारा, वडील मुंबईला हापिसात. मनानं चांगला, बोलण्यात वाघ. पहिल्याच दिवशी त्यानं सगळ्यांची झडती घेतली.

"मास्तर, एको नाही तुमच्याकडे?"

"एको काय करतंय?"

"अहो आवाज फिरतो! साउंड, मास्तर, साउंड! पब्लिक आजकाल साउंड ऐकतं."

एको आला. मास्तर पट्टी मारायचे आणि सूर शेडभर फिरून परत यायचा. आम्ही खुळ्यासारखे हसत होतो. मग कळलं की आगाशीकडच्या एका पार्टीकडं त्याच्यापेक्षा मोठा एको आहे. मग स्पीकरच्या आणखी दोन पेट्या, मग स्टँड, मग रंगीत दिवे. दुसरी पार्टी रस्त्यात भेटली की ती काय वाजवते हे आम्ही ऐकत नसू, तिच्या टेम्पोत काय आहे हे मान लांब करून बघत असू. आणि सगळ्यांत जास्त मान माझी लांब व्हायची.

त्याला कारण होतं. मला सतत वाटायचं की एक दिवस मास्तर म्हणतील, बाबा, आता तू नको येऊस. का म्हणतील, ते माहीत नव्हतं. पण शाळेनं तसंच केलं होतं, आणि मामीही कधी बोलली नाही तरी तिच्या घरात जागा कमी आहे हे दिसतच होतं. हा एकच पत्रा असा होता जिथं मी गेलो की कोणीतरी सरकून जागा करायचं. मला वाटायचं, पार्टीकडं वस्तू वाढली की पार्टी मोठी होईल, आणि मोठ्या पार्टीतून माणूस काढत नाहीत. म्हणून "घेऊ या, मास्तर" म्हणणाऱ्यांत मी पुढं.

वस्तू वाढल्या तसा तालमीचा वेळ वायरी जोडण्यात जायला लागला. चहा यायचा तेव्हा कॅसिओवाला "हॅलो, चेक, चेक" करत असायचा. काकी कपबश्या ठेवत म्हणायची, "चेकच चालू हाय अजून? गाना कवा?" त्यात भारनियमन. पूर्वी वीज कधी गेली ते आम्हाला कळायचंही नाही, आता गेली की हात मांडीवर ठेवून बसायचं. बाहेर केळीच्या पानांचा आवाज, आणि आत बोलणं एकच: इन्व्हर्टर घ्यावा का.

मग ऑक्टोपॅड आलं. आठ चौकोनी रबरी पॅडं, काठीनं मारलं की ज्यातून हवा तो आवाज निघतो. ढोल, ताशा, टाळ्या, काच फुटल्याचा आवाजसुद्धा. ते यावं म्हणून मी मास्तरांच्या किती मागं लागलो असेन! खोकं उघडलं, कॅसिओवाल्यानं इंग्रजी पुस्तक वाचून दोन-चार बटणं दाबली आणि कोपऱ्यातल्या पॅडवर काठी मारली. ढोलकी वाजली. साफ, गोल, चढत-उतरत नाही, उन्हात ताणत नाही, दमट हवेत बसत नाही. दुसऱ्याच्या हातात काठी दिली, त्यानं मारली. तशीच वाजली.

सगळे टाळ्या पिटत होते. मीही पिटत होतो.

कॅसिओवाल्याच्या मनात काही वाईट नव्हतं. सरळच म्हणाला, "भावा, वाईट नको वाटून घेऊ. माझा मामेभाऊ आहे ना, त्याला हे सेटिंगबिटिंग जमतं. पुस्तक वाचायला लागतं रे याचं. तू मोठा ढोल धर."

"मोठ्या ढोलाला माणूस आहे," मी म्हणालो.

"मग बघू ना, काहीतरी करू. टेन्शन नको घेऊस."

मी मास्तरांकडं बघितलं. ते जुडीला दोरा गुंडाळत होते. "बघू," म्हणाले. ते भाजीच्या गिऱ्हाइकालाही बघू म्हणायचे आणि पावसाळ्याच्या ढगांनाही. त्यातून काही कळायचं नाही. तो आठवडा मी गाळ्यात भांडी घासली आणि डोक्यात तेवढं एकच. बघू म्हणजे काय बघणार?

पुढच्याच सुपारीला मामेभाऊ आला. खाडीच्या बाजूच्या गावातलं लग्न, मांडवाचा दिवस. त्या गावांत रीत अशी की मांडव उभा राहिला की उंबराच्या झाडाकडं वाजत जायचं, झाडाला आवतण द्यायचं आणि फांदी आणून मांडवाला बांधायची. लग्नाची गाणी म्हणणारी बाई, तिला धवलारीण म्हणतात, पुढं असते. भटजीइतकाच तिचा मान. टेम्पो भरताना पेट्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून कोणीतरी ढोलकी दोन पेट्यांच्या मधे गच्च बसवली होती. मी ते बघितलं. माझंही काम आज तेवढंच, पेट्या धरायचं.

उन्हं डोक्यावर आलेली. टेम्पोतला जनरेटर सुरू झाला, ऑक्टोपॅड धडधडलं, मिरवणूक निघाली. गावाच्या टोकाला डांबर संपलं. पुढं भातखाचरं आणि त्यातून जाणारा एक बांध, एका माणसाच्या रुंदीचा. उंबर त्या बांधाच्या पार टोकाला.

टेम्पो थांबला. कॅसिओवाला खाली उतरला, बांध बघितला, टेम्पो बघितला. "वायर लांबवता येईल का?" त्यानं विचारलं. लग्नघरचा एक म्हातारा म्हणाला, "लांबव की. पार खाडीपरत लांबव." बायका हसल्या.

धवलारीण, सत्तरीची, हातात आरतीचं ताट, बांधाच्या तोंडाशी उभी. ती पुढं जाईना. "वाजल्याबिगर मी जानार नाय. मुक्यानं कोन आवतन देतंय काय?"

मास्तर मागं वळले. बेंजो पट्ट्यानं त्यांच्या गळ्यात, वायर सुटून लोंबत होती. "घाट्या, ढोलकी घे रं."

ढोलकी पेट्यांमधून निघता निघेना. दोघांनी ओढली. टेम्पोतल्या उष्णतेनं पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, ताणून आवाज टाळीसारखा झालेला, कड्या मागं सारल्या तेव्हा कुठं आवाज जरा खाली आला. गळ्यात अडकवली आणि मी म्हातारीच्या मागं बांधावर चढलो. वायरी जोडण्यात गेलेल्या बऱ्याच महिन्यांत मी नीट वाजवलं नव्हतं. धास्तीनं म्हणा, मी एकदम मिरवणुकीचा ठेका धरला, जलद, ऑक्टोपॅडसारखा.

म्हातारी थांबली. तिच्यामागं सगळी रांगच बांधावर थांबली.

"ए बाबा, कुठं पलतंस? उंबर काय पलून चालला?"

मागून खिदळणं.

"नाय, आजी."

"माजे मागून ये. मी दम घेन तवा वाजव. मदेमदे नको नाचू."

ती गायला लागली. ताल असा नव्हताच, चालीत चाल होती. पाऊल, शब्द, पाऊल, मग दम. मी तिच्या पाठीकडं बघत राहिलो. दम घेताना तिचा डावा खांदा जरासा वर जायचा. खांदा वर गेला की एक थाप, आणि डाव्या हाताची हलकीशी घुमकी. दोन-तीनदा चुकलो, मग जमलं. मग म्हातारीनं मान न वळवता नुसतं "हां" केलं. मागून मास्तरांचा बेंजो. वीज नाही, एको नाही, ॲम्प्लिफायर नाही. तारांपेक्षा बटणांचीच खटखट जास्त. पण तिच्या दोन ओळींच्या मधे तो बारीक आवाज यायचा आणि खाचरांवरून कुठंतरी निघून जायचा, परत यायचा नाही. मला वाटलं, अरे, बेंजोचा आवाज असा असतो होय!

परत मांडवात आल्यावर मामेभावानं ऑक्टोपॅडवर धमाल केली, हे सांगायला हवं. पोरं-पोरी, म्हातारे, सगळे नाचले. काच फुटल्याच्या आवाजाला तर टाळ्या आणि शिट्ट्या. मी टेम्पोला टेकून बघत होतो. चांगलं वाजवत होता तो. मनात म्हटलं, आज उंबरापुरतं निभावलं, उद्या रस्त्याकडेचं लग्न असलं म्हणजे?

जेवणं झाल्यावर शेजारच्या वाडीतले दोघं पुढच्या सुपारीचं बोलायला मास्तरांकडं आले. मी पेट्या बांधत होतो, कान तिकडंच. त्यांनी दिव्यांचं विचारलं, ऑक्टोपॅडचं विचारलं. मग एकजण म्हणाला, "आन उंबराला? आमची वाट याच्याहून वाईट हाय."

"उंबराला ढोलकी," मास्तर म्हणाले.

"तोच पोरगा ना? धवलारीन म्हातारी बोलते, त्यालाच आना, बाकीच्यांना उभ्यानं जेवायला घाला."

मास्तर हसले, पानाला चुना लावला. मग मला हाक मारली. मी गेलो.

"आयकलास ना? चैत्रापासून वैशाखापरत सगल्या सुपाऱ्यांना उंबर हाय. मी शबूद दिलाय लोकांना. मदेच गावाला जातो बोल्लास तर चालनार नाय. तुला सुट्टी नाय."

"बरं," मी म्हणालो. परत जाऊन तीच पेटी पुन्हा सोडली आणि पुन्हा बांधली.

आमच्या गावची जत्रा चैत्रात. स्टेशनजवळच्या बूथवरून गावातल्या दुकानात फोन लावला, आईला बोलावणं धाडलं, थोड्या वेळानं परत लावला. तिला सांगितलं, औंदा जत्रेला येणं होत नाही, सुट्टी देत नाहीत.

तिला वाटलं, गाळ्याचं सांगतोय.

"लई राबवत्यात व्हय रं तुला?"

बूथच्या काचेबाहेर भाजीवाल्या बसल्या होत्या, रिक्षा ओरडत होत्या. मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"व्हय आये," मी म्हणालो, "सोडतच न्हाईत."