सेक्रेटरींचं मत

सोसायटीच्या सभेत हजेरीच्या वहीखाली आलेल्या कागदावर मी न वाचता सही केली. 'सेक्रेटरींनी केली आहे ना' म्हणून पाठोपाठ सबंध इमारतीने केली. वर हौसेने त्याची प्रत मी नोटीस बोर्डावरही लावली. मजकूर असा होता, की खासगी दवाखान्यांना ठरलेल्या दरात उपचार द्यायला लावणारा देशाचा नवा आरोग्य कायदा रद्द करावा, असे आम्हा नागरिकांचे मत आहे. त्याच कायद्यावर आमच्या तळमजल्यावरच्या काकूंचं डायलिसिस चालू होतं. त्यामुळेच काका-काकू सभेला नव्हते.

या काकांइतका रागीट माणूस बिबवेवाडीतच काय, कात्रजचा घाट उतरून गेलात तरी सापडणार नाही. जन्मभर मास्तरकी केल्यामुळे ते वर्तमानपत्र वाचत नाहीत, लाल पेनाने तपासतात. टीव्हीवर चर्चा लागली की उठून उभे राहतात, कारण बसून भांडणं त्यांना उद्धटपणाचं वाटतं. एकदा पडद्यावरच्या तज्ज्ञाला त्यांनी "आपण खाली बसा!" असं खडसावलं, तेव्हा वरच्या मजल्यावर उभा असलेला मी पटकन खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारात उभे. हातात बोर्डावरचा कागद, माझ्या सहीभोवती लाल वर्तुळ.

"सेक्रेटरी, हे आपलं मत?"

"काका, मला वाटलं, पाण्याच्या टाकीचं असेल."

"टाकीचं! आमची ही चार-चार तास मशीनला लावलेली असते, आणि तुम्हाला टाकी दिसते! चपला घाला."

मग दारोदार माझी वरात. प्रत्येक दारात काका कडाडायचे, "न वाचता केलेला विरोध म्हणजे नुसती शिंक!" लोक मुकाट्याने सह्या मागे घेत होते. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ मात्र म्हणाले, "मी वाचूनच केली काका. दरातला फरक सरकार भरणार, म्हणजे कर वाढणार, म्हणून रद्दच व्हावा." काकांनी त्यांचा हात हातात घेतला. "आपण चुकताय. पण इमारतीत मत एवढं एकच आहे."

उतरताना ते जिन्यातच बसले. पेनाला टोपण लावत हळूच म्हणाले, "हिच्याजवळ यातलं काही बोलू नका. सगळी बिल्डिंग आपल्या बाजूची आहे, असं वाटतं तिला."

त्यांच्या घरात काकूंनी चहा आणून ठेवला. ओशाळून मी समोरचा अर्धा कप उचलला आणि तोंडाला लावला.

"अहो सेक्रेटरी, तो माझा," काकू म्हणाल्या. "मला दिवसाचं पाणी मोजून मिळतं. पुढ्यात येईल ते न बघता उचलायची खोड जुनीच दिसते तुमची."