तीन तासांवरची दुबई
कपाट उघडताना कापराचा वास आला की मला अब्बांचं कफन आठवतं. भावाने दुबईची नोकरी धरली तेव्हा अम्मी रडत बसली होती, आणि अब्बांनीच तिला समजावलं होतं, "रडतेस काय गो, विमानाने तीन तास. मी पेणला बाजार करून येईन, तेवढ्यात तुझा पोरगा दारात." ते गेले त्या दिवशी भावाला लगेच तिकीट मिळालं, म्हणून जमातीने दफन दुपार कलल्यावरच्या असरच्या नमाजापर्यंत थांबवलं, कारण बापाला कबरीत उतरवायचं ते मुलाने. दोन हजार किलोमीटरचा समुद्र त्याने खरंच तीन तासांत ओलांडला. "मुंबईला उतरलो," असा त्याचा फोन आला तेव्हा आम्हाला सुटल्यासारखं झालं. मग पेणच्या अलीकडे हायवेवरच्या खड्ड्यात एक कंटेनर कलंडला आणि त्याच्या मागे भावाची गाडी अडकली. त्या रस्त्याचं काम तेव्हा चालू होतं, आजही चालूच आहे. असर झाली, सूर्य बुडून मगरिब झाली. शेवटी शेजारचे चाचा दारात येऊन म्हणाले, "आता नाय थांबवता येत गो, बर्फ पण वितळला." भावाची गाडी गावाच्या तोंडाशी, अष्टमीच्या पुलावर आली तेव्हा समोरून माणसं कबरस्तानातून परतत होती, हातांना ओली माती. आता माझा मुलगाही तिकडेच निघालाय. "तीन तास तर लागतात, अम्मी," काल तोही म्हणाला. मी त्याच्या बॅगेची चेन ओढली आणि म्हटलं, "मुंबईपर्यंत. घरापर्यंत किती लागतात, ते मामूला विचार."