लाल डोळ्याचा घेवडा

दवाखान्याच्या धुलाईघरात तीस वर्षं चादरींना इस्त्री करून इस्त्रीमावशी निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात वस्तीतल्या सगळ्यांच्या सामाईक बागेत ठाण मांडून बसल्या. बाग कसली, पाण्याच्या टाकीमागची पडीक जागा. तिच्यात चाळीस वाफे पाडलेले, एका घराला एक. गुडघे धरलेले म्हातारे डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिथे खुरपायला येत, शनिवारी शाळेची पोरं येत. बी किती खोल टोचायचं, पालापाचोळा कसा कुजवायचा, हे मावशी त्यांना घसा बसेपर्यंत शिकवत.

शिकवण्यात हात एवढा सढळ, पण त्यांच्या घेवड्याचा एक दाणा मागून बघा! लगेच कपाळाला आठ्या. पांढराशुभ्र दाणा आणि त्यावर डोळ्यासारखा लाल ठिपका, असा घेवडा बाजारात कुठेच मिळत नसे. मावशींच्या लेकीला बारा वर्षांची असताना एका शेंगेत ते वेगळे दाणे सापडले होते. तिने तेवढेच पेरले, त्यातून पुन्हा निवडले, पुन्हा पेरले. सातव्या वर्षी वेलांवर झाडून सगळा लाल डोळ्याचाच घेवडा धरला, आणि त्याच वर्षी साध्या तापाचं निमित्त होऊन पोरगी गेली. तिचे कपडे मावशींनी महिन्याभरात वाटून टाकले. बी मात्र कुणाच्या हाती लागू दिलं नाही.

शेजारच्या वाफ्यातले कुलूपवाले भाऊ नऊ वर्षं मागत होते.

"मावशी, चार दाणे द्या की. सोनं मागतोय का मी?"

"मागच्या साली काकडीची काय दशा केलीत, बघितलंय मी. माझ्या लेकीचं आहे ते. तुमच्या हाती देऊन वाया घालवू?"

भाऊ हसून सोडून देत. निम्म्या वस्तीची अडलेली कुलपं त्यांनी उघडलेली, पण दुसऱ्याच्या वाफ्यातली मिरचीसुद्धा या माणसाने कधी तोडली नाही.

कोवळ्या शेंगा घरी खायच्या, शेवटच्या तेवढ्या बियांसाठी वेलावरच वाळू द्यायच्या, नवं बी हाती आलं की जुनं खतात टाकायचं, हा मावशींचा शिरस्ता. बी फडताळात काचेच्या बरणीत असे. त्या बरणीबद्दल घरात कुणी बोलत नसे.

यंदा पेरणीला पंधरा दिवस उरले असताना मावशी न्हाणीघरात घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात अन्न गोड लागेना. चार महिन्यांपूर्वी घरात आलेली सून रोज काहीबाही करून आणायची, मावशी दोन घास खाऊन डबा परत करायच्या. आठव्या दिवशी तिने घेवड्याचं घोटलेलं दाट सूप आणलं, आणि मावशींनी वाटी चाटूनपुसून साफ केली.

"हाताला चव आहे गं तुझ्या."

सुनेचा चेहरा उजळला. सासूच्या तोंडून ती पहिल्यांदाच कौतुक ऐकत होती.

"घेवडा कुठून आणलास?"

"घरातलाच, आई. फडताळातल्या बरणीत होता ना, लाल ठिपक्यांचा."

मावशींनी हातातली वाटी खाली ठेवली. "थोडा ठेवलास ना मागे?"

"नाही, सगळाच शिजवला. बाकीच्या खाटांवरही दिला. सगळ्यांना आवडला बघा!"

मावशी तिच्याकडे बघत राहिल्या. पोरीला काय माहीत? सांगितलं होतं कुणी तिला? "बरं केलंस," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. ती डबा घेऊन गेली, तशी त्यांनी उशीत तोंड खुपसलं. लेक गेली तेव्हाही त्या इतक्या रडल्या नव्हत्या. तेव्हा निदान बी तरी होतं.

दीड महिन्याने काठी टेकत त्या बागेत आल्या. कुलूपवाल्या भाऊंनी लगबगीने खुर्ची पुढे केली. मावशींनी त्यांना सगळं सांगितलं, सुनेला कळू न देण्याची शपथ घातली, आणि मग आवाज खाली आणला.

"भाऊ, खरं सांगा. वेल तर तुमच्या कुंपणावर यायचा. नऊ वर्षांत एखादी शेंग उचलली असेल ना तुम्ही? चोरून? मी रागावणार नाही."

भाऊंनी मान खाली घातली.

"पडायच्या माझ्या बाजूला, मावशी. दरसाल पडायच्या. एकूण एक वेचून तुमच्या टोपलीत टाकली. लेकीचं आहे म्हणाला होतात ना तुम्ही."

मावशींनी त्यांचा मातीने भरलेला हात घट्ट धरला.

"एक ठेवून घ्यायची होती हो," त्या म्हणाल्या. "एक तरी."