डावीकडची काच

आमचे बाबा मलबार हिलवरच्या एका शेठकडे ड्रायव्हर होते. शेठ थकले, बंगला विकला, मुलं परदेशी गेली. तेव्हा ती जुनी काळी गाडी भंगारात घालणं त्यांच्या जिवावर आलं आणि त्यांनी ती बाबांना देऊन टाकली. आमचं घर लालबागच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, एका खोलीचं. आणि खाली अंगणात ही महाराणी उभी! आई तिला सरळ सवत म्हणायची. पण दसऱ्याला सवतीला झेंडूचा हार आईच घालायची, हळदकुंकू वाहायची, आणि चाकापुढच्या दगडावर नारळही तीच फोडायची. बाबांना हातसुद्धा लावू द्यायची नाही.

बाबांची एक खोड होती. आम्ही गाडीतून कुठे निघालो की ते आईसाठी मागचं दार उघडायचे. जन्मभराची सवय. आईही पदर सावरून मागे बसायची आणि रस्ताभर ड्रायव्हरला सूचना द्यायची. पुढे मी बसायचे.

गेल्या दसऱ्याला आईने नेहमीसारखा नारळ हाणला. तो फुटला नाही. उसळला, आणि थेट समोरच्या काचेवर! या गाडीची पुढची काच दोन तुकड्यांची, मधे लोखंडी पट्टी. उजवीकडची वाचली, डावीकडची तडकून पांढरी झाली. बाबांनी गाडीवर जुनी चादर टाकली. आई मात्र त्या दिवसापासून धसक्यात होती, आणि दिवाळीच्या आधी मोरीत पाय घसरून तिचा खुबा मोडला. झालं! तिच्या डोक्यात दोन्ही गोष्टींची गाठ बसली ती बसलीच.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, चालवा, जिने उतरवा, नाहीतर कायमच्या बसून राहतील. पण आई वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत यायची आणि तिथून मागे फिरायची. मी चिडायचे, ओरडायचे, पाया पडायचे. ती म्हणायची, "गाडी फिरांदे, मग मी उतरतंय." अशा हट्टाला काय म्हणायचं? मला तिच्याबद्दल भीती वाटायला लागली होती. चाळीत अशा दोनतीन बायका मी पाहिल्यात, ज्या एकदा वर बसल्या त्या खांद्यावरूनच खाली आल्या.

मग बाबा कामाला लागले. एकही गॅरेजवाला ती गाडी हातात घेईना. रे रोडच्या एका काचवाल्याने जुन्या काचेच्या मापाने नवी कापून दिली, पण "बसवून देणार नाही काका, आपल्याला जमायचं नाही," म्हणाला. रबर गिरगावातल्या एका जुन्या दुकानात मिळालं. बाबा म्हणाले, "आपणच बसवू. त्यात काय आहे!"

त्यात बरंच काही आहे. आधी काचेभोवती रबराची कड चढवायची. त्या कडेच्या बाहेरच्या खाचेत सगळीकडून एक दोरी घालायची, तिची दोन्ही टोकं गाडीच्या आत सोडायची. मग एकाने बाहेरून काच दाबायची आणि दुसऱ्याने आत बसून दोरी हळूहळू ओढायची. दोरी सुटत जाते तसं रबर पत्र्याच्या कडेवर चढत जातं. चढावं म्हणून साबणाचं पाणी लावतात.

मी आत, बाबा बाहेर. दोरी ओढून माझी बोटं सोलवटली, रबर काही चढेना. वरून गॅलरीतून आईचं फर्मान आलं, "साबणान काय होवचा नाय! खोबरेल लावा, सुळकन आत जातली."

आमच्याकडे केसाला खोबरेल, भाजल्याला खोबरेल, करकरत्या दाराला खोबरेल. बाबांनी मुकाट्याने बाटली मागवली. आणि खरंच, काच सुळकन आत गेली! चाळीने टाळ्या वाजवल्या. आईने वरूनच गाडीची दृष्ट काढत कडाकड बोटं मोडली. गुढीपाडव्याला उतरायचं ठरलं.

पाडव्याच्या सकाळी बाबा गाडी धुऊनपुसून एक फेरी मारायला निघाले. मी शेजारी. गल्लीच्या तोंडाशी स्पीडब्रेकर. गाडी हळूच उडाली आणि काच माझ्या मांडीवर येऊन बसली. अख्खी! तेल पिऊन रबर फुगलं होतं, भज्यासारखं. एक ओरखडाही नाही म्हणून मी हसले आणि बाबांकडे पाहिलं, तर त्यांच्या डोळ्यांत पाणी.

गाडी अंगणात लावून ते स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसले. आईने वरून हाक मारली. त्यांनी मान वर केली नाही. पुन्हा मारली. आईची हाक आणि बाबा वर बघत नाहीत, असं कधी झालेलं मला आठवत नाही.

मी वर गेले तर आई दारात, वॉकर धरून उभी. काचेची रिकामी चौकट तिने वरून पाहिली होती. "माझ्याच तेलान घात केल्यान," म्हणाली. "चल, हात दी."

जिना उतरायला आम्हाला किती वेळ लागला देव जाणे. प्रत्येक वळणावर ती बसली, प्रत्येक वळणावर मला शिव्या घातल्या. शेजारणी दारांत येऊन उभ्या राहिल्या. अंगणात पाय ठेवल्यावर तिने पहिली गोष्ट मागितली ती बादलीभर साबणाचं पाणी.

बाबा गडबडीने उतरले आणि सवयीने मागचं दार उघडून उभे राहिले.

"मागे बसून दोरी कशी ओढू?" आई म्हणाली.

मी गिरगावातून दुसरं रबर आणेपर्यंत ती पुढच्या सीटवर बसून राहिली. चहा तिथेच, पुरणपोळीही तिथेच. मग बाबांनी बाहेरून काच धरली आणि आईने आतून दोरी. काचेच्या एका बाजूला त्यांचे दोन्ही तळवे, दुसऱ्या बाजूला तिचा घामेजलेला चेहरा.

"दाबा की नीट! आता या वयात लाजतास काय?"

सगळी चाळ हसली. बाबांनी दाबलं. दोरी सरकन सुटून तिच्या हातात आली, आणि रबर पत्र्यावर घट्ट बसलं.

बाबांनी तिच्या बाजूचं पुढचं दार उघडलं. "चल, मागे बस. परळपर्यंत फिरवून आणतो."

आईने दोरी मांडीवर गुंडाळून ठेवली. "मागे तुमचो शेठ बसायचो," ती म्हणाली, आणि आतून दार ओढून घेतलं.

बाबा हसत हसत स्टिअरिंगकडे गेले. मी मागे बसले.