मुठीतला अंगठा

गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी दुपारी, चाकणजवळच्या एका कंपनीच्या सभागृहात, आदिवासी नेतृत्वाखालील एका संस्थेला वसतिगृहासाठी निधी देण्यात आला. संस्थेच्या अध्यक्ष मंचावर नव्हत्या. तिथून तासाभराच्या अंतरावर, धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या कातकरी वस्तीत, त्या चौदा मुलांसाठी भात शिजवत होत्या. आपण अध्यक्ष आहोत हे त्यांना माहीत नव्हतं.

आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणायचो. कोणी कागद घेऊन वस्तीवर आलं की मावशींचा डावा अंगठा मुठीत जायचा. पदराआड नाही, समोर, सगळ्यांना दिसेल असा. मग म्हणायच्या, "वाच." वाचून झालं की, "पुन्हा वाच."

मी चाकणचा बातमीदार. पहिल्यांदा वस्तीवर गेलो तेव्हा पाण्याच्या टँकरचं एक पत्र त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं होतं.

"मावशी, तेच आहे त्यात."

"ज्याला गाळायचंय त्यो पयल्यांदाच गाळतो, दादा. तिसऱ्यांदा वाचताना आदी काय गाळलं व्हतं ते त्याच्या ध्यानात ऱ्हात न्हाई. तवा निघतं."

मी कंटाळून एक ओळ गाळली होती. ती त्यांनी पकडली.

ज्या अंगठ्याला त्या एवढं जपत, तो कुठल्याच यंत्राला चालत नव्हता. बालपण कोळशाच्या भट्ट्यांवर आणि तरुणपण विटांवर गेलेलं, त्यामुळे रेषा झिजून गेल्या होत्या. रेशन दुकानात यंत्र दर महिन्याला नकार द्यायचं. दुकानदार थट्टेनं विचारायचा, "मावशी, अंगठा घरी इसरला काय?"

"भट्टीवर ऱ्हायला. तू धान्य घाल."

दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक येतो आणि वस्तीतली जोडपी वीटभट्टीवर जातात. मुलंही जातात आणि शाळा सुटते. चार वर्षांपूर्वी मावशींनी आणि आणखी दोन बायकांनी मुलं ठेवून घ्यायला सुरुवात केली. दोन झोपड्या, एक चूल. मुख्याध्यापकांनी सरकारच्या हंगामी वसतिगृह योजनेतून तांदूळ-डाळ मिळवून दिली. त्या चौदा मुलांची शाळा तीन हंगाम सुटली नाही. मावशींना एवढंच हवं होतं की हे चालू राहावं, आणि जमलं तर झोपड्यांवर पक्कं छप्पर यावं.

जानेवारीत निगडीतल्या एका संस्थेचे सचिव आले. सोबत छायाचित्रकार. कंपनीचा निधी फक्त आदिवासींनी चालवलेल्या संस्थांसाठी होता, आणि सचिवांच्या संस्थेत एकही आदिवासी नव्हता. मावशींच्या मंडळाची नोंदणी नव्हती. मावशींना आपल्या संस्थेच्या अध्यक्ष केलं की काम झालं; सचिवांच्या मते हा उत्तम योग होता. पाहुणे येणार म्हणून मावशी ठेवणीतलं लुगडं नेसल्या होत्या.

"मावशी, जरा जुनं नेस ना. फोटोत गरिबी दिसली पाहिजे," छायाचित्रकार म्हणाला.

"जुनं भांडी घासायला हाय. पाव्हण्याला ह्ये."

तो थांबला. दुपारी मावशी भांडी घासायला बसल्या तेव्हा त्याने फोटो काढला.

करार अकरा पानांचा, इंग्रजीत होता. मावशींनी मला बोलावून घेतलं. मूठ बंद होती. मी मराठी करत वाचत गेलो. वसतिगृह वस्तीवर नव्हे, हमरस्त्याला सचिवांच्या संस्थेच्या जागेत होणार होतं. मुलं कोण घ्यायची, माणसं कोण नेमायची, हे सचिव ठरवणार. अध्यक्षांचं काम एका शब्दात होतं: मार्गदर्शन.

"राती पोरांपाशी कोन?" मावशींनी विचारलं.

"वॉर्डन असेल. शिकलेली बाई."

"आमची बोली येती तिला?"

सचिव हसले. "मुलं शिकतील की मराठी."

"राती रडलं तर काय म्हनतंय ते तिला कसं कळंल?"

यावर करारात काही नव्हतं. मावशी म्हणाल्या, पोरांचे आईबाप भट्टीवर आहेत, ते जेठात येतील, सगळ्यांना बसवून विचारते.

"अहो, मार्चअखेर फाइल बंद होते. निधी परत जाईल."

"जाऊ द्या."

निधी परत गेला नाही. फेब्रुवारीतल्या समारंभाचं निमंत्रण मला आलं. तुम्ही असे समारंभ पाहिले असतील: समई, शाल, श्रीफळ, आणि ज्यांच्या नावाने हे चाललंय त्यांच्यासाठी मागच्या रांगेतल्या खुर्च्या. इथे त्या खुर्च्याही नव्हत्या. मंचामागच्या फलकावर मावशी भांडी घासत होत्या. खाली लिहिलं होतं: अध्यक्ष.

मी कंपनीच्या अधिकाऱ्याकडे करार पाहायला मागितला. त्यांनी निःशंकपणे दाखवला. शेवटच्या पानावर मावशींच्या नावासमोर निळा अंगठा होता. रेषा न् रेषा मोजता येईल इतका स्पष्ट.

"सही, शिक्का, अंगठा, सगळं आहे," अधिकारी म्हणाले. "आमच्याकडून फाइल कम्प्लीट आहे."

सचिव म्हणाले, "राव, चांगल्या कामात कशाला खोडा घालता? जेवून जा."

मी बातमी दिली. समारंभाचा फोटो आणि त्याखालच्या दोन ओळी छापून आल्या. अंगठ्याचा मजकूर कापला होता. मी नोकरी सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी वस्तीवर जाऊन मावशींना मोबाइलमधला त्या पानाचा फोटो दाखवला. "वाच," म्हणाल्या. वाचलं. "पुन्हा वाच." तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यांनी निळ्या ठशावर बोट ठेवलं.

"कोन्या बाईचा असंल?" त्यांनी विचारलं. "तिला तरी वाचून दावलं असंल का रं?"

मावशींनी तहसील कचेरीत तक्रार केली. अर्ज मी लिहिला आणि तीनदा वाचला. मग आयुष्यात कदाचित पहिल्यांदाच त्यांनी कागदासमोर आपणहून मूठ उघडली, शाईत अंगठा बुडवला आणि कागदावर दाबला. काळा डाग उमटला. अर्ज तीन आठवड्यांनी परत आला. शेरा होता: अर्जदाराची निशाणी अस्पष्ट.

जूनमध्ये शाळेला पत्र आलं. सदर वस्तीसाठी वसतिगृह मंजूर असल्याने हंगामी योजनेचं धान्य बंद करण्यात येत आहे. एकाच लाभार्थ्याला दुहेरी लाभ देता येत नाही. मुख्याध्यापक दोनदा तालुक्याला जाऊन आले. त्यांना त्याच पत्राची दुसरी प्रत मिळाली. वसतिगृहात मुलं पाठवा, असं सचिवांनी कळवलं. वॉर्डन अजून नेमलेली नव्हती. आईबापांनी बसून ठरवलं, आणि नाही म्हणाले.

दिवाळीनंतर पाचव्या दिवशी सकाळी मुकादमाचा ट्रक आला. मी गेलो होतो. भांडी, गोधड्या, कोंबड्या चढल्या, मग मुलं चढली. पोरांना भट्टीवर बघायला कोणी तरी हवं म्हणून मावशी शेवटी चढल्या. एका मुलीने दप्तर आणलं होतं. मावशींनी ते मांडीवर घेतलं.

"येते दादा. कागद आला तर ठिव. आल्यावर वाच."

ट्रक दौंडच्या बाजूला गेला. त्या महिन्याच्या शाळेच्या हजेरीपटावर चौदा नावांपुढे गैरहजर अशी नोंद आहे. हमरस्त्यालगतची इमारत पूर्ण झाली आहे. दर्शनी फलकावर अध्यक्ष म्हणून मावशींचं नाव आहे. दाराला कुलूप आहे, आणि किल्ली निगडीत सचिवांकडे असते.