मिंबराची दारं

जुन्या मशिदीतल्या लाकूडकामाला वाळवी लागू द्यायची नाही, यात त्या सुताराचं अर्धं आयुष्य गेलं. इमाम ज्यावर उभे राहून प्रवचन देतात, त्या मिंबराच्या पायथ्याशी अक्रोडाची दोन कोरीव दारं होती. ती तो पोटच्या पोरींसारखी जपायचा. मशिदीचा कारभार समितीनं थोरल्या भावाकडे सोपवलेला. बाप गेल्यावर त्यानंच धाकट्याला वाढवलेलं, त्यामुळे त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

"अशीच हुबेहूब जोडी कर," एकदा भाऊ म्हणाला. "आग लागली, चोरी झाली, तर हाताशी नक्कल असलेली बरी."

सुतारानं जीव ओतून ती कोरली. बायको म्हणायची, "माझ्याकडे कधी एवढं निरखून पाहिलंत का?"

"तुझी नक्कल करायची वेळच आली नाही," तो हसायचा.

पुढच्या हिवाळ्यात तो मिंबराला तेल लावायला गेला. दाराची कड धरली आणि थबकला. जुन्या दाराची कड पिढ्यांच्या तळहातांनी वापरलेल्या साबणासारखी गुळगुळीत झालेली होती. ही तर बोटांना टोचत होती. त्याच्याच पटाशीचं काम होतं ते.

"भाई, जुनी दारं कुठायत?"

"समितीच्या साहेबांना आवडली. त्यांच्या दिवाणखान्यात आहेत." भावानं चष्मा पुसला. "नाही म्हटलं असतं तर कारभार दुसऱ्याकडे गेला असता. आणि कुणाला कळलं तरी का? तुझ्या हाताची कमाल."

शुक्रवारी नमाजानंतर सुतारानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "ही नक्कल कुणी केली?"

"मी."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

त्यानं भावाकडे पाहिलं.

"मला यातलं काहीच ठाऊक नाही," भाऊ म्हणाला.

केसानं गळा कापणं हे सुतारानं आजवर नुसतं ऐकलं होतं. लोक त्याच्याकडे चोराकडे बघावं तसे बघू लागले. पण बोभाटा झाला तो झालाच. साहेबांनी गुपचूप दारं परत पाठवली. बसवायला दुसरा सुतार आला, त्यानं बिजागरीपाशी लाकडाला चीर पाडली. कारभार भावाकडेच राहिला.

सुतार अजून तिथेच नमाज पढतो, अगदी मागच्या रांगेत. परवा भावानं त्याला बाहेर गाठलं. "घरी ये की. वहिनी वाट बघते."

"त्यांना माझा सलाम सांगा," तो म्हणाला आणि चपला हातात घेऊन तसाच रस्त्याला लागला.