हेब्बाळच्या परसातला खंदक

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही जयनगरला राहायचो. एका दुपारी आई लुगड्याच्या निऱ्या नीट करत तिच्या कन्नडमिश्रित मराठीत म्हणाली, "मला स्वल्प हेब्बाळला नेशील? खंदक बघायचाय."

हेब्बाळला तिचं माहेर होतं. महायुद्धात विमानं बॉम्ब टाकतील या धास्तीने तिच्या वडिलांनी परसात तो खंदक खणला होता. विटांच्या भिंती, वर फळ्या आणि माती. भोंगा वाजला की सगळे आत. आई तेव्हा लहान, अंधाराला घाबरून रडायची. मग तिचा थोरला भाऊ तिला मांडीवर घेऊन काहीतरी गुणगुणत बसायचा. बॉम्ब कधी पडले नाहीत. भाऊ मात्र लढाई संपायच्या आधीच टायफॉईडने गेला.

"अण्णाचा चेहरा फोटोत आहे," आई बसमध्ये म्हणाली. "आवाज कुठंच नाही गं."

घर विकून कितीतरी वर्षं झाली होती. दार उघडणाऱ्या बाईंना आईने कन्नडमधून ओळख सांगितली, खंदकाचं विचारलं. "बन्नी, बन्नी," म्हणत त्यांनी आम्हाला थेट मागे नेलं. परसात सगळीकडे सिमेंट. एका कोपऱ्यात फक्त लोखंडी झाकण.

"खंदक कुठला अम्मा आता? त्याचा आम्ही संप केला, जमिनीखालची टाकी. पाणी साठवायला."

मला वाटलं, आई माघारी वळेल. ती म्हणाली, "झाकण काढता येईल?"

बाईंनी आणि मी मिळून ते सरकवलं. आई गुडघ्यांवर बसली, काळ्या पाण्यावर वाकली आणि तिने हाक मारली, "अण्णा!"

आवाज आत घुमला, जडसर होऊन वर आला. तिने परत हाक मारली, या वेळी लहान मुलीसारखी. बाईंनी तिचा खांदा घट्ट धरून ठेवला. मी मात्र तशीच उभी. आईला कुणाची तरी धाकटी बहीण म्हणून मी तोवर पाहिलंच नव्हतं.

"सरी, झालं," आई डोळे पुसत उठली.

निघताना बाईंनी तिला कुंकू लावलं, पुन्हा यायला सांगितलं. जाणं झालं नाही. पुढे तिथला रस्ता रुंद झाला, घरांची ती सगळी ओळच गेली. आईही गेली. आता तिकडून जाताना मी खिडकीतून बघत राहते. परस नेमकं कुठे होतं, मला ओळखता येत नाही.